तेजस्वीच्या पत्रिकेचा कॉम्प्युटर

मोरिवली
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय यज्ञेश,

पुढच्याच स्टेशनवर राहणाऱ्या दिराला पोस्टानं पत्र पाठवणारी वहिनी मीच पहिली असेन. हसायचं असेल तर हस. फोनवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात, तू वाचलंस हे कळतं आणि मग दिवसभर उत्तर येत नाही. ते मला सोसत नाही. पत्राला खुणा नसतात. मिळालं नसेल असं म्हणून मी दोन घास जेवू तरी शकते.

काम असं आहे की आपला घरचा कॉम्प्युटर मरायला टेकलाय. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची कामं यायला लागली आणि नेमकं याच वेळी घोडं पेंड खातंय. भर कामात पडदा निळा होतो आणि बंद पडतो. तुझ्या दादानं सीपीयूच्या डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावून ठेवलाय. डब्याला वारा आणि आम्ही घामाघूम. परवा एका हळदीच्या पत्रिकेची अख्खी नावं गेली, तेव्हा त्यांनी जे शब्द वापरले ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत.

मी उल्हासनगरला मुकेशच्या दुकानात जाऊन आले. त्याला म्हटलं, नवा डबा दे, बाकी सगळं तेच राहू दे. तो म्हणाला, तेच राहणार नाही. डब्याच्या मागे प्रिंटरच्या जागी आपलं ते करड्या रंगाचं कुलूप खोचलेलं असतं ना, ज्याच्याशिवाय मराठीचा प्रोग्राम उघडत नाही, ते खोचायची जागाच आताच्या डब्यांना नसते. म्हणजे कुलूप नाही, म्हणून प्रोग्राम नाही, म्हणून बारा-पंधरा वर्षांच्या पत्रिका सगळ्या बंद. वर म्हणतो, "भाभी, चंदरभाईला बोल, आदत बदल. दुनिया बदल गयी."

आता प्रत्येक जण वेगळं सांगतो. मुकेश म्हणतो नवं विंडोज घे. एक मुलगा आहे कल्पेश म्हणून, एमआयडीसीतल्या कंपनीत कॉम्प्युटर बघतो. तो म्हणतो लीनक्स टाका, फुकट असतं आणि व्हायरस लागत नाही. आणि तू तर पहिल्यापासून मॅकवाला. तू घरात असताना रोज दादाशी यावरूनच वाजायचं. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मला वाटायचं, मॅक ही कुणीतरी बाई असावी.

तर तू सांग, काय घ्यायचं. दादाला कळणार नाही मी विचारलं ते.

तुझी,
मालिनी वहिनी

ता.क. तेजस्वीचं लग्न ठरलंय. माघात. तो कल्पेश म्हणजेच मुलगा. बदलापूरचा आहे, एखादे वेळी तुला भाजीबाजारात दिसलाही असेल.

 

मोरिवली
१६ नोव्हेंबर

यज्ञेश,

उत्तर नाही. मला राग आला आणि मग वाटलं, राग यायचा हक्क तुझा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. तुझ्या एकुलत्या एक पुतणीचं लग्न ठरलेलं मी खाली ता.क. म्हणून लिहिलं, भाजी संपली आहे असं लिहावं तसं.

आता भांडं समोर ठेवते.

गावात अजून सगळे हेच म्हणतात की बुधाजीचे दोन पोरगे कॉम्प्युटरवरून भांडले. धाकट्याला मॅक पाहिजे होता, मोठ्यानं ऐकलं नाही, म्हणून धाकटा बदलापूरला गेला. ती कंडी आपण घरच्यांनीच पिकवली आणि तूही ती खोडली नाहीस. खरं काय ते गावालाही माहीत आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. तू स्टेशनच्या पश्चिमेकडच्या बौद्ध घरातल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलंस. आबांनी ओटीवर उभं राहून सांगितलं, "त्याचा नाव या घरच्या पत्रिकेत लागनार नाय." आणि सगळ्या गावाच्या लग्नपत्रिका बनवणारा तुझा दादा खाली मान घालून उभा राहिला. त्यानं आपल्या भावाच्या लग्नाची पत्रिका बनवली नाही. मीही बोलले नाही, पण या पत्रात मी माझं रडगाणं लावणार नाही.

प्रश्न आता तेजस्वीच्या पत्रिकेचा आहे.

तुला दादाची कामाची पद्धत माहीत आहे. नवी पत्रिका कोऱ्या पानावर कधी होत नाही. ज्या घरचं लग्न, त्या घरची मागची पत्रिका उघडायची, नवरा-नवरीची नावं बदलायची, तारीख बदलायची, काका-मामांची यादी तशीच ठेवायची. मागच्या वर्षी आपल्या चुलतघरी अल्पेशचं लग्न झालं, त्याची पत्रिका अशीच झाली. आबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. दादानं यादीतल्या तुझ्या ओळीवर जाऊन ती काढली आणि खालची नावं वर ओढून घेतली. मी मागे चहा घेऊन उभी होते. मला वाटलं होतं तिथे निदान भोक दिसेल. कसलं काय, तू कधी नव्हतासच अशी सरळ यादी तयार झाली.

आता तेजस्वीची पत्रिका अल्पेशच्या पत्रिकेवरून होणार. कुणाला तुझं नाव काढावं लागणार नाही. ते आधीच काढलेलं आहे. आबांना काही बोलावं लागणार नाही, दादाला काही करावं लागणार नाही आणि उद्या तू विचारलंस तर सगळे म्हणतील, आम्ही कुठे काढलं, होतं तसं छापलं.

म्हणून मला हा कॉम्प्युटर मेला तर बरं वाटेल, असं आलं माझ्या मनात. नव्या डब्यात जुनं काहीच उघडणार नसेल, तर सगळी नावं नव्यानं लिहावी लागतील. तुझं नाव गाळायचं झालं तर ते मग समजून उमजून, हातानं गाळावं लागेल. तुझ्या दादाचा हात तितका कठोर आहे असं मला वाटत नाही.

पण मध्येच नवं झेंगट निघालंय. मुकेशला कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला जुना डबा सापडलाय. त्याला मागे ती कुलपाची जागा आहे. दादा दोन दिवस शीळ घालत फिरतायत. म्हणतात, हाच घ्यायचा, कुलूप लावायचं, सगळं जागच्या जागी. मी हसून मान डोलावते.

तेजस्वीला सगळं कळतंय. काल ती मला म्हणाली, काकाचं नाव नसेल तर मी माझ्या मैत्रिणींना ती पत्रिका देणार नाही. लहान असताना तिचं नाव शाळेत घालायला तू गेला होतास, हे ती विसरलेली नाही.

काय घ्यावं ते सांग. या वेळी मी खरंच विचारतेय.

मालिनी वहिनी

 

मोरिवली
२७ नोव्हेंबर

यज्ञेश,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमननं आबांच्या हातात दिलं, पण पत्ता छापलेला होता, त्यांना वाटलं बँकेचं आहे.

आत एक पान. वहिनी नाही, तेजस्वी नाही, लग्नाबद्दल एक शब्द नाही. सरळ सुरुवात. मॅक घेऊ नका. दादाची बोटं टायपिंगच्या क्लासातल्या मराठी कळांवर बसलेली आहेत, ती मोडायला लावू नका. लीनक्स चांगलं आहे, पण ते अडलं की दादा जावयाला फोन करणार नाही, अडूनच बसेल. विंडोज घ्या, त्यावर त्याच जुन्या कळांची मांडणी सहज बसते, कशी बसवायची ते खाली लिहिलंय. जुन्या पत्रिका उघडतील, पण मराठीच्या जागी वेड्यावाकड्या खुणा दिसतील, घाबरू नका. सगळं नव्यानं टाइप करावं लागेल.

मी ते पान तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना कळलं, यात कॉम्प्युटरबद्दल कमी आणि दादाबद्दलच जास्त आहे. ज्या मॅकसाठी तू घर डोक्यावर घेतलंस तोच तू घेऊ नका म्हणतोयस. इतका ओळखतोस त्याला आणि दोन वर्षं तोंड बघत नाहीस. दोघे भाऊ एकाच मापाचे हट्टी आहात.

आता मी काय केलं ते ऐक आणि कुणाला सांगू नको.

मी रिक्षा करून उल्हासनगरला गेले आणि मुकेशला म्हटलं, तो जुना डबा तू आम्हाला विकू नकोस. चंदर न्यायला आला की सांग, गेला. त्याला वाटलं मला दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळालंय. मग मी थोडं खरं सांगितलं, घरातल्या एका नावाचा प्रश्न आहे म्हटलं. त्याची आजी फाळणीत सिंधमधलं गाव सोडून आलेली, तिच्या सासरच्या कितीतरी नावांचा पत्ताच लागला नाही म्हणे पुढे. त्यानं डबा आत नेऊन ठेवला आणि म्हणाला, "बोलेन मी. पण भाभी, झूठ की वारंटी मी देत नाही."

दुसऱ्या दिवशी दादा गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. त्याच संध्याकाळी आपल्या जुन्या डब्यानंही डोळे मिटले. बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना. इतकी वर्षं ज्याच्यापुढे बसून त्यांनी घर चालवलं, त्याच्यासमोर ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मला त्या क्षणी धावत जाऊन सगळं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

नवा डबा आलाय. विंडोजच. तुझं पान मी मुकेशला दिलं, त्यानं कळा बसवून दिल्या. दादाला सांगितलं, मुकेशनंच शोधून काढलं.

मालिनी

 

मोरिवली
१० डिसेंबर

यज्ञेश,

घरात बोलणं बंद आहे, म्हणून लिहिते.

पहिला दिवस बरा गेला. दादानं कळांवर बोटं ठेवली आणि पडद्यावर बरोबर अक्षरं उमटली, तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं होतं. मग त्यांनी जुनी हार्डडिस्क जोडून अल्पेशची पत्रिका उघडली. तू लिहिलं होतंस तसंच झालं. गणपतीच्या चित्राखाली इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, काहीच्या काही. आबा चष्मा लावून बघायला आले आणि म्हणाले, "ह्या कनच्या भाषेत लगीन लागला?"

त्या आठवड्यात दोन घरची कामं हातची गेली. आपल्याच गावातली घरं. पूर्वी येऊन नुसतं म्हणायची, मागची काढ आणि तारीख बदल. आता दादा म्हणतात, सगळी नावं लिहून आणा. कोण आणतंय. उल्हासनगरच्या छापखान्यात गेली. दादा ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. मोरिवलीत पत्रिका म्हटलं की चंदर, एवढीच एक ओळख या माणसानं कमावली होती आणि ती मी माझ्या हातानं मोडली की काय, असं मला वाटायला लागलं. ती भीती अजून गेलेली नाही.

आणि मग कळायचं ते कळलं. दादा मुकेशकडे माऊस बदलायला गेले, तर जुना डबा आतल्या खोलीत पोत्याखाली दिसला. मुकेशनं वारंटी दिली नव्हतीच.

घरी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी कांदा चिरत होते, तर समोरच्या पाटावर बसले आणि विचारलं, "तुला काय पाहिजे नक्की?"

मी म्हटलं, "नाव पाहिजे. यज्ञेशचं. तिच्यासकट."

"त्यासाठी माझा धंदा बसवलास?"

मी म्हटलं, "जुन्या डब्यावर तुम्हाला काहीच करावं लागलं नसतं. म्हणून."

ते उठून गेले. तेव्हापासून चहा घेतात, जेवायला वाढू का विचारलं तर मान हलवतात, पण शब्द नाही. तेजस्वी एकदा माझ्याकडे बघते, एकदा त्यांच्याकडे. कल्पेशच्या घरून रोज विचारणा होते की पत्रिका कधी होते, त्यांच्या यादीतल्या गावांना वाटायची आहे. आम्ही सांगतो, होते आहे.

अल्पेशची छापलेली पत्रिका घरात आहेच. दादानं ती काल कपाटातून काढून टेबलावर ठेवली. डोळ्यासमोर ठेवून तशीच टाइप करायची असेल तर एक दुपार पुरे. म्हणजे मी एवढं करून सवरून शेवटी तू तिथेच, यादीच्या बाहेर. मला काही सुचत नाही. तू काहीतरी लिही. तेजस्वीसाठी तरी लिही.

मालिनी

 

मोरिवली
२१ डिसेंबर

यज्ञेश,

हे पत्र नीट बसून वाच. मैत्रेयीलाही वाचायला दे. तिच्यासाठीही आहे.

काल सकाळी दादा पत्रिका करायला बसले. शेजारी अल्पेशची पत्रिका उघडून ठेवलेली. मी स्वयंपाकघराच्या दारात, तेजस्वी तिच्या बाबांच्या मागे. आबा आले, खुर्ची ओढली, ती छापलेली पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि वाचता वाचता थांबले. म्हणाले, यात जनी जिवंत आहे.

जनी आत्या आषाढात गेली, ते तुला कळलं असेल. तू तिच्या दिवसांना आला नाहीस, पण अंत्यविधीच्या वेळी स्मशानाच्या बाहेर रस्त्यावर उभा होतास हे मला माहीत आहे.

आबा म्हणाले, "मेलेली मानसा आमंतरन देतान? ठेव ती बाजूला. मी सांगतो तशी टाक."

पूर्वी म्हणे असंच असायचं. घरच्या मुलीचं लग्न असलं की घरातल्या मोठ्यानं देव्हाऱ्याकडे तोंड करून नावं सांगायची आणि कुणीतरी लिहून घ्यायची. मागची पत्रिका उघडायची सोय झाली तसं ते बंद पडलं. दादानं छापलेली पत्रिका खणात टाकली.

आबांनी डोळे मिटले. खापरपणज्यापासून खाली यावं तसे एकेका घरातून, जन्माच्या क्रमानं, जोडीजोडीनं नावं सांगत निघाले. जी गेली त्यांच्याआधी थांबायचे, म्हणायचे "कैलासवासी", आणि पुढे जायचे. दादाची बोटं त्यांच्या मागे मागे. तुझ्या कळांवर. कुठे अडलं नाही. मला तर ऐकतच राहावंसं वाटत होतं. मग आपलं घर आलं.

"चंदर बुधाजी, सौ. मालिनी चंदर," आबा म्हणाले. आणि त्याच सुरात, "यज्ञेश बुधाजी."

तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं त्यांनी दोघांना तशीच हाक मारली आहे, एक नाव घेतलं की दुसरं मागे येणारच. डोळे त्यांनी उघडले ते नंतर. तोवर दादाच्या बोटांनी ते लिहून टाकलं होतं. पडद्यावर तू होतास.

माझ्या हातात पळी होती, ती मी तशीच धरून ठेवली. दादाला तेव्हा गप्प बसून ते पुसता आलं असतं. पुसलं असतं तर आबाही गप्प बसले असते आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं असतं. दादानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आबा, एकट्याचा टाकू का जोडीचा?"

दोन वर्षांत त्यांनी आबांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

आबा म्हणाले, "काढ."

दादानं खुर्ची मागे सरकवली. उठून बाजूला झाले आणि आबांच्या खुर्चीला हात लावून ती टेबलाजवळ घेतली. एका कळेवर बोट ठेवून दाखवलं. "ही दाबली का जातो. तुम्ही दाबा. मी मागल्या साली एकदा काढला, आता माझ्यान नाय होत."

यज्ञेश, मी या घरात येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. दादा आबांशी असं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी बोट पुढे केलं. कळेवर टेकवलं. दाबलं नाही. पडद्याकडे बघत राहिले, तुझ्या नावाशेजारी ती उभी रेघ लुकलुकत होती, पुढचं नाव मागत असल्यासारखी. तेजस्वी रडत होती, पण आवाज न करता.

शेवटी आबांनी बोट उचललं आणि दादालाच झापलं. "लगीन झालेल्याचा एकट्याचा नाव लावतस? लोका काय समजतील, बायको मेली त्याची? पोरीच्या पत्रिकेत अपशकुन करतस?"

आणि मग देव्हाऱ्याकडे बघत, "काय नाव तिचा?"

मी सांगणार होते. पण दादा आधी बोलले. "मैत्रेयी."

"टाक," आबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून पुढच्या घराकडे गेले.

आता माझं ऐक. आबांनी मैत्रेयीला मनापासून आपलं म्हटलं असं मी तुला लिहिणार नाही. मी खोटं लिहिलं तर ती पहिल्या भेटीत ओळखेल. त्यांनी अपशकुन टाळला, एवढंच मी डोळ्यांनी पाहिलं. पण जेवताना त्यांनी दादाला विचारलं, तिच्या बापाचं काय काम असतं. दादा म्हणाले, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत. आबा म्हणाले, हां. आणि भात मागितला. त्या "हां"चा अर्थ मी लावत बसणार नाही, तूही लावू नकोस.

दादा माझ्याशी बोलायला लागलेत. पहिलं वाक्य म्हणजे, "मुकेशला सांग, तो जुना डबा भंगारात घालायला हरकत नाही." गेलेल्या दोन घरांतलं एक घर परतही आलंय. त्यांच्या आजोबांना कळलं की चंदरकडे आता नावं सांगून घेतात, तर ते म्हणाले, मग आमची पण मीच सांगतो. दुसरं घर आलं नाही. येईल असं मी म्हणत नाही. कल्पेश काल येऊन डब्याला हात लावून बघून गेला आणि लीनक्सचं पुन्हा एकदा सुचवून गेला. जावई आहे, ऐकून घेतलं.

एक गोष्ट मला काल रात्रीपासून टोचतेय. आम्ही सगळ्यांनी मिळून मैत्रेयीचं नाव काढायचं की लावायचं यावर एवढं रामायण केलं आणि तिला कुणीच विचारलं नाही. ज्या घरानं तिला उंबरा ओलांडू दिला नाही, त्या घरच्या पत्रिकेत तिनं आमंत्रण देणारी म्हणून का उभं राहावं, हे तिनं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तिला सांग, मालिनी वहिनीकडे उत्तर नाही, पण वाट बघते आहे.

पाकिटात एक कागद जास्त आहे. खाली दादा स्वतः लिहितो म्हणाले, म्हणून जागा सोडते.

तुझी,
मालिनी वहिनी

 

यज्ञेश,

सोबत प्रूफ आहे. नव्या कॉम्प्युटरवर काढलेलं आहे, कळा बरोबर बसल्यात. मुकेशला एवढं येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

माझा नियम तुला माहीत आहे. प्रूफवर घरच्या माणसाची सही झाल्याशिवाय मी छापायला देत नाही आणि आपल्या घरचं प्रूफ मी स्वतः तपासत नाही, ते तूच तपासायचास. या वेळी सही मैत्रेयीची पाहिजे. तिनं सगळं वाचून बघावं. तिला आमच्यात नाव नको असेल तर तिनं लाल पेनानं खोडावं. मी कारण विचारणार नाही आणि आबांना मी सांगेन.

पण खोडलंत तरी ती ओळ मी तशीच रिकामी छापीन. खालची नावं वर ओढणार नाही.

चंदर